टोकियोतली राइस प्लेट: दुपारचं तेइशोकु शोधायचं, मागवायचं आणि जेवायचं कसं

टोकियोत नव्याने आलेल्या आपल्या माणसांना मी नेहमी विचारते, दुपारी काय जेवता? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कोन्बिनी नावाच्या छोट्या दुकानातलं ओनिगिरी (भाताचा गोळा), नाहीतर घरून नेलेला डबा, आणि शनिवार-रविवारी निशि-कासाई या भारतीय वस्तीच्या भागात भारतीय जेवण. का, तर हॉटेलचं दार सरकवायची धास्ती. बाहेरच्या फळ्यावरचं वाचता येत नाही, आत शिरलं की चार जण एकदम काहीतरी ओरडतात, बिल किती होईल याचा अंदाज नाही. पुण्यात जपानीच्या दोन-तीन परीक्षा देऊन आलेली मुलंसुद्धा या दाराशी अडतात, कारण पुस्तकातलं जपानी आणि दुपारी बारा वाजता घाईत असलेल्या खानावळीतलं जपानी यांत खूप अंतर आहे.

आणि त्याच दारामागे हजार येनच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपयांत, गरम भात, सूप, ताजा भाजलेला मासा, एखादी भाजी आणि लोणचं असं पूर्ण ताट मिळतं. या शहरात इतकं नीट आणि इतकं परवडणारं दुसरं जेवण मला माहीत नाही. म्हणून हे सगळं पहिल्या पायरीपासून लिहिते आहे.

तेइशोकु म्हणजे काय

आपल्याकडच्या राइस प्लेटची आठवण काढा. एकच भाव, सगळं एकत्र येतं, निवडायची ती फक्त मुख्य भाजी. तेइशोकु तसंच. ट्रेमध्ये पुढच्या बाजूला डावीकडे भाताची वाटी, उजवीकडे मिसो सूप (मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा), मागे मुख्य पदार्थाची ताटली. सोबत कोबाची म्हणजे एखादी छोटी वाटी: पालक, हिजिकी नावाचं समुद्री शेवाळ, थंड तोफू असं काहीतरी. शिवाय त्सुकेमोनो, म्हणजे मुरवलेल्या काकडी-मुळ्याच्या दोन-चार चकत्या. जपानी घरगुती जेवणाची जुनी चौकट ‘एक सूप, तीन पदार्थ’ अशी आहे आणि तेइशोकु तिच्यावरच उभं आहे. २०१३ साली युनेस्कोने जपानी पाकपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हीच चौकट महत्त्वाची मानली गेली.

आपल्या पानातही डावी बाजू, उजवी बाजू असते. मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. जपानी ताटालाही अशी जागा ठरलेली आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हे जेवण एकदम ओळखीचं वाटलं. भात डाव्या हाताला, कारण वाटी डाव्या हातात उचलून जेवायचं असतं.

दुपारीच का

संध्याकाळी जिथे माणशी चार-पाच हजार येन सहज जातात, तिथेच दुपारी हजार-बाराशेत जेवण मिळतं. विशेषतः इझाकाया, म्हणजे दारू आणि खाणं मिळणारी ठिकाणं. त्यांची खरी कमाई रात्रीच्या पेयांवर होते. दुपारी जागा रिकामी, भाडं मात्र चालूच, मासळी सकाळी आलेली, स्वयंपाकी हजर. म्हणून ते ऑफिसवाल्यांसाठी चार-पाच प्रकारची ताटं लावतात, आणि दुपारचं गिऱ्हाईक आवडून रात्री परत येईल अशी आशा ठेवतात. रात्री तिथे बसलात तर न मागता एक छोटी वाटी पुढे येते, ओतोशी, आणि तिचे तीनशे-पाचशे येन बिलात लागतात. दुपारच्या ताटाला ही भानगड नाही.

‘हजार येनची भिंत’ असा शब्दप्रयोग जपानीत आहे. दुपारच्या जेवणाने हजार ओलांडले की गिऱ्हाईक मागे सरतं, अशी दुकानदारांची धारणा. गेल्या काही वर्षांत ही भिंत बऱ्याच ठिकाणी पडली. तांदूळच इतका महागला, की २०२५ मध्ये पाच किलोचा सरासरी भाव ४००० येनच्या वर गेला, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पूर्वी सरसकट फुकट मिळणारा दुसरा भात आता अनेक ठिकाणी बंद झाला किंवा त्याला पैसे पडू लागले. जुन्या माहितीवर विसंबून राहू नका, पाटी बघा.

वेळ सांभाळा

दुपारचं जेवण साधारण साडेअकराला सुरू होतं आणि दोनला संपतं. काही ठिकाणी शेवटची ऑर्डर दीडलाच. आपल्या सवयीने अडीच वाजता निघालात तर दारावर ‘तयारी चालू’ अशी पाटी दिसेल. तिचा अर्थ संध्याकाळपर्यंत बंद. बारा ते एक ऑफिसांची सुट्टी, तेव्हा रांगा लागतात. नवख्या माणसाने साडेअकराला जावं, नाहीतर एक वाजून गेल्यावर. साडेअकराला गेलात तर वाढणाऱ्या बाईंना तुमचं तोडकंमोडकं जपानी ऐकून घ्यायला वेळ असतो. उशिरा गेलात तर निवांतपणा मिळतो, पण आवडीचं ताट संपलेलं असू शकतं.

ऑफिसांच्या वस्तीतल्या कित्येक खानावळी शनिवार-रविवारी बंद असतात, आणि स्वस्त ताटं बऱ्याच ठिकाणी फक्त कामाच्या दिवशी मिळतात.

कुठे जायचं

अगदी पहिल्या खेपेला साखळी खानावळीत जा, त्यात कमीपणा नाही. ओओतोया १९५८ साली इकेबुकुरोत एका साध्या खानावळीतून वाढली. मासे, भाज्या, घरगुती चव, आणि मेनूत चित्रं. यायोइकेन थोडी स्वस्त, तिथे मशीनवर ऑर्डर देता येते. मात्सुया त्याहून स्वस्त. तिथलं मशीन इंग्रजीत चालतं आणि बसून जेवलात की ग्यूमेशीबरोबर मिसो सूप येतं. मात्र ग्यूमेशी म्हणजे गोमांस-भात, हे आधी माहीत असू द्या.

दोन-तीनदा तिथे सराव झाला की गल्लीतल्या खानावळीकडे वळा, कारण खरी मजा तिथे आहे. शिन्बाशी, कान्दा, निहोनबाशी, तोरानोमोन, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं जिन्बोचो: जिथे ऑफिसं दाट तिथे तेइशोकु दाट. मोठ्या इमारतींची तळघरं चुकवू नका. शिन्बाशी स्टेशनसमोर न्यू शिन्बाशी बिल्डिंग ही १९७१ सालची इमारत आहे. तिच्या तळमजल्याखाली उतरलात की लहान-लहान खानावळींची रांगच आहे. रस्त्यावरून कळतही नाही.

आणखी एक जागा फार कमी नवख्यांना माहीत असते: सरकारी आणि विद्यापीठांची उपाहारगृहं. शिंजुकूला टोकियो महानगर सरकारच्या इमारतीत बत्तिसाव्या मजल्यावर कर्मचाऱ्यांचं उपाहारगृह आहे, तिथे बाहेरच्यांनाही जाता येतं. अनेक वॉर्ड ऑफिसांतही अशी सोय असते. टोकियो विद्यापीठाच्या होंगो आवारातल्या मध्यवर्ती उपाहारगृहातही बाहेरचे लोक जेवतात. अशा ठिकाणी भाव कमी, आणि पदार्थ काचेत मांडलेले असल्यामुळे भाषेवाचून काम होतं. फक्त बारा ते एक ही वेळ तिथल्या लोकांसाठी सोडावी.

दाराशी

दारावर कापडी पडदा लटकतो आहे का बघा. तो नोरेन. बाहेर लावलेला असेल तर दुकान चालू, आत घेतलेला असेल तर बंद.

काही ठिकाणी काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने दिसतील. ते पूर्वी मेणाचे असत, आता प्लास्टिकचे. गुजो-हाचिमान गावच्या इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकात हा धंदा उभा केला, आणि परक्या माणसावर त्यांचे मोठे उपकार आहेत, कारण बोट दाखवलं की ऑर्डर होते. नमुने नसतील तर बाहेर हाताने लिहिलेला फळा असतो. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. हस्ताक्षर असेल तर फोन चुकतो. तेव्हा एकच शब्द शोधा: हिगावारी (日替わり). म्हणजे ‘आजचं ताट’, रोज बदलणारं. बहुतेक ठिकाणी तेच स्वस्त असतं आणि तेच सगळ्यांत लवकर येतं.

दार उघडताच ‘इराश्शाइमासे’ असं जोरात ऐकू येईल. ते फक्त ‘या’ आहे, उत्तर द्यायचं नसतं. मग विचारतील, ‘नान्मेइसामा देस् का?’ म्हणजे किती जण? बोटं दाखवा. एकटे असाल तर ‘हितोरी देस्’. स्वतःहून टेबल पकडून बसू नका, दाखवतील तिथे बसा. एकटा माणूस बहुधा काउंटरवर. गर्दीत ‘आइसेकी’ करायला सांगतील, म्हणजे अनोळखी माणसासमोर एकाच टेबलावर. मान हलवून बसायचं आणि आपल्यापुरतं जेवायचं.

ऑर्डर

दाराशीच मशीन असेल तर आधी पैसे, मग बसायचं. नोट सरकवा, बटण दाबा, शोक्केन म्हणजे तिकीट खाली पडेल, सुटे घ्यायला विसरू नका, आणि तिकीट वाढणाऱ्याच्या हातात द्या. कोणतं बटण हे कळलं नाही तर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं दाबावं. दुकानाचा खास पदार्थ बहुधा तिथे ठेवतात.

इथे एक सूचना पैशांची. ३ जुलै २०२४ ला जपानात नव्या नोटा आल्या. छोट्या दुकानांतली काही मशीनं अजून त्या घेत नाहीत, आणि कित्येक मशीनं फक्त हजाराचीच नोट घेतात. खिशात जुनी हजाराची एखादी नोट आणि पाचशे-शंभरची नाणी असू द्या. मागे रांग असताना दहा हजाराची नोट घेऊन उभं राहणं फार अवघड होतं. कार्ड चालेल असं गल्लीतल्या खानावळीत गृहीत धरू नका.

मशीन नसेल तर पाणी किंवा चहा आधी येतो, तो फुकट. ओला रुमाल हात पुसायला. तयार झालात की ‘सुमिमासेन’ असं नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा. आपल्याला संकोच वाटतो, पण इथे हाक मारल्याशिवाय कोणी येत नाही आणि हाक मारणं उद्धटपणा नाही. मग बोट ठेवून ‘कोरे, ओनेगाय शिमास्’. झालं. भात कमी हवा असेल तर आधीच सांगा, ‘गोहान सुकुनामे दे’. जास्त हवा असेल तर ‘ओओमोरी दे’. दुसरा भात हवा असेल तर ‘ओकावारी’. ताटात भात टाकून उठणं इथे डोळ्यांवर येतं आणि उरलेलं बांधून मिळत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

काय मागवावं

मासे खाणारे असाल तर डोळे मिटून ‘सबा नो शिओयाकी’. सबा हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, फक्त मिठाने भाजलेला. बाहेरून कातडी कुरकुरीत, आतून तेलकट, रसरशीत. बाजूला किसलेल्या मुळ्याचा पांढरा गोळा असतो. त्यावर सोया सॉसचे दोन थेंब घालायचे आणि घासासोबत थोडा-थोडा घ्यायचा, माशाचा तेलकटपणा कापला जातो. हाच मासा मिसोत शिजवला की ‘सबा मिसो’, गोडसर आणि दाट. कोकणातून आलेल्यांना पहिल्याच घासात घर आठवेल, मसाल्यामुळे नाही, माशाच्या ताजेपणामुळे. ‘आजी फुराय’ हा तळलेला मासा. शरद ऋतूत सानमा हा मासा मिळाला तर सोडू नका.

चिकनमध्ये काराआगे (आलं-सोयात मुरवून तळलेलं) आणि चिकन नानबान. चिकन नानबान मियाझाकीकडचं, आंबटगोड, वर अंड्याचं टार्टर सॉस.

गोमांस किंवा डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी काही नावं पाठच करावीत. शोगायाकी म्हणजे आल्यातलं डुकराचं मांस. तोनकात्सु, तोनजिरु, ग्योझा यांतही तेच. हांबागू बहुधा दोन्ही मांसं मिसळून करतात. कोरोक्के दिसायला आपल्या बटाटा पॅटिससारखं, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. जपानी करीच्या तयार मसाल्यात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. विचारायचं ते असं: ‘बुतानिकु हाइत्तेमास् का?’, डुकराचं मांस आहे का? गोमांसासाठी ‘ग्यूनिकु’.

शाकाहारी लोकांना मला खरं सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीने फसगत होते आणि मग मन उठतं. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचा रस, आणि दाशी बहुतेक कात्सुओबुशीची असते: कात्सुओ हा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात आणि किसतात. मिसो सूप, पालकाची वाटी, सोबा नूडल्सबरोबरचा रस, शिजवलेला भोपळा, सगळ्यांत ती असू शकते. थंड तोफूवरही तिचेच कीस भुरभुरवतात. ते ‘कात्सुओबुशी नाशी दे’ म्हणून टाळता येतात, पण सुपातली दाशी काढता येत नाही. भाज्यांचं तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले काप, त्याच तेलात तळतात ज्यात कोळंबी तळली. तेव्हा स्वतःची रेघ आधी ठरवा. दाशी चालत असेल तर नात्तोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) ताट, भाज्यांचं तेम्पुरा, आगेदाशी तोफू (दाशीतला तळलेला तोफू) असे बरेच पर्याय आहेत. अजिबात चालत नसेल तर साध्या खानावळीत जाऊन उपाशी उठू नका. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी शोधा, ते पारंपरिक पद्धतीने मांस-मासळीशिवाय आणि कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळिंबी) यांच्या दाशीवर होतं, पण स्वस्त नसतं. किंवा व्हीगन म्हणून स्पष्ट लिहिलेली दुकानं निवडा. टोकियो स्टेशनच्या आत केइयो लाइनच्या बाजूला टीज तानतान आहे. तिथे मिळतात ते नूडल्स, तेइशोकु नाही, पण पोटभर आणि निर्धास्त.

जेवताना

हात जोडून ‘इतादाकिमास्’ म्हणा. वदनी कवळ घेता म्हणत वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

सूप आधी चॉपस्टिकने हलवा, मिसो तळाशी बसतो. वाटी उचलून तोंडाला लावायची, चमचा मिळणार नाही. सुपावरचं झाकण घट्ट बसलं असेल तर ओढू नका, वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलक्या दाबा, हवा शिरते आणि ते सुटतं.

आता भात. आपण भातावर वरण ओततो, कालवतो, मग घास घेतो. तेइशोकुत भात पांढराच राहतो. त्यावर सोया सॉस ओतू नका, सूपही ओतू नका. माशाचा तुकडा, मग भाताचा घास, दोन्ही तोंडात एकत्र येतात. कालवणं होतं ते तोंडात, वाटीत नाही. मग सुपाचा घोट, लोणच्याची चकती, पुन्हा भात. शाळेत मुलांना भात, सूप आणि तोंडीलावणं असं आळीपाळीने फिरत खायला शिकवत आले आहेत. एक वाटी पूर्ण संपवून दुसरीकडे वळायचं नाही. आधी मला पांढरा भात बेचव वाटायचा. असं जेवायला लागल्यावर महिनाभरात त्या भाताला स्वतःचा गोडवा आहे हे कळलं, आणि खारट लोणच्याची जागाही कळली.

भाजलेल्या माशाला मधल्या रेषेवर चॉपस्टिकने दाबत गेलं की मांस दोन्हीकडे सुटतं आणि काटे दिसतात. काटे ताटलीच्या एका कोपऱ्यात जमवा. जमत नसेल तर ‘फोर्क आरिमास् का’ विचारायला हरकत नाही, पण चार ताटांत हात बसतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. चॉपस्टिक भातात उभी खोचायची नाही, तसा भात मृताला वाढतात. आणि एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर पदार्थ द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक अस्थी वेचतात त्या अशा एकमेकांच्या चॉपस्टिकवर देत. मित्राला चव द्यायची तर त्याच्या ताटलीत ठेवा. बाकी चुका लोक पोटात घालतात.

उठताना

जेवण झालं की रेंगाळू नका, बाहेर रांग आहे. लॅपटॉप तर काढूच नका, गप्पांसाठी कॉफीची दुकानं आहेत. टेबलावर बिलाचा कागद असेल तो घेऊन गल्ल्याशी जा, तिथे पैसे द्यायचे. छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे, हातात नाही. टीप द्यायची पद्धत नाही, ठेवलीत तर मागून पळत येऊन परत देतील. बसून जेवल्यावर कर १० टक्के, बांधून नेल्यास ८. बाहेरच्या फळ्यावर बहुधा करासहितच भाव असतो.

उपाहारगृहात आणि ज्या ठिकाणी बाकीचे लोक ट्रे उचलून नेत आहेत तिथे आपणही नेऊन ठेवा. गल्लीतल्या खानावळीत ट्रे तसाच राहू द्या.

दार सरकवताना आत बघून ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा. स्वयंपाकी कढईवरून मान वर करून उत्तर देईल. त्याच खानावळीत आठवड्यातून एकदा, त्याच वेळी जात राहा. चौथ्या-पाचव्या खेपेला वाढणाऱ्या बाई न विचारता भात कमी घेऊन येतील, आणि आज फळ्यावर लिहिलेला मासा कोणता ते बोटाने दाखवून, हळू उच्चार करून सांगतील.